वस्तादांची साखळी: मराठवाड्यातल्या तालमीचा इतिहास

१९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरला भरली आणि निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड गावचे हरिश्चंद्र बिराजदार त्या वर्षी महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पुढे 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताबही त्यांच्या नावाला जोडला गेला. या यशाकडे मराठवाडा अभिमानाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अंगाने पाहिले तर त्यात एक कोडे आहे. लातूर, नांदेड, भोकर हा सगळा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात व्यायामाच्या संस्थांना वाढायला फारसा वाव नव्हता. कोल्हापूरसारखे कुस्तीचे मैदान इथे कोणी बांधले नव्हते, अमरावतीसारखे व्यायाम मंडळ इथे उभे राहिले नव्हते. मग अवघ्या एकवीस वर्षांत इथल्या एका खेड्यातला मुलगा राज्यात पहिला कसा आला? व्यक्तीची गुणवत्ता हे उत्तर पुरेसे नाही. गुणवान मुले प्रत्येक पिढीत जन्मतात. स्वातंत्र्यानंतरचे सरकारी प्रोत्साहन हेही उत्तर पुरत नाही, कारण भार पेलायला, तोल राखायला आणि डाव टाकायला शिकवणारी माणसे सरकारी आदेशाने तयार होत नाहीत. मला दिसते ते उत्तर असे: कुस्ती शिकवण्याची खालची पायरी, म्हणजे गावची तालीम आणि तिच्या भोवतीचे जत्रेचे वर्ष, या मुलखात निजामी राजवटीतही टिकून होती. वरची पायरी मात्र इथे बांधलीच गेली नव्हती. १९४८ नंतर इथल्या खालच्या पायरीला कोल्हापूर-पुण्याची वरची पायरी मिळाली आणि पैलवान वर आले. आज मात्र आपण वरच्या पायरीचे कौतुक करता करता खालची ढासळू देत आहोत.

खालची पायरी म्हणजे नेमके काय, ते नीट पाहिले पाहिजे, कारण तिची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. मारुतीच्या देवळाला लागून एक खोली किंवा नुसते छप्पर, आत खणलेला हौद, त्यात चाळून घेतलेली माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती फावड्याने खालीवर करायची. हे काम शिकणाऱ्या पोरांनीच पहाटे करायचे. माती उकरणे हाच व्यायामाचा पहिला धडा. मग जोर, बैठका, सपाटे, आणि त्यानंतर लढती. शिकवणारा वस्ताद पगारी नसे. तो गावातलाच, स्वतः कधीकाळी फडात उतरलेला, दिवसभर शेतात राबणारा माणूस. फी नाही, प्रवेशअर्ज नाही, प्रमाणपत्र नाही. तेल, माती, दुरुस्ती यांचा खर्च गाव वर्गणीतून भागवी आणि नागपंचमीला आखाड्याची पूजा होई. नाव काहीही असो, ही स्थानिक क्रीडामंडळाचीच रचना आहे: सभासदांनी चालवलेली, अनुभवी माणसाने बिनमोल शिकवलेली, जागेशी आणि गावाशी बांधलेली. भोकर, हिमायतनगर, किनवट या तेलंगणाच्या सीमेलगतच्या तालुक्यांपासून औसा-निलंग्यापर्यंत ही रचना कमीअधिक सारखीच आढळते. तिने सभासदांची यादी ठेवली नाही, म्हणून तिचा इतिहास लिहिणाऱ्याला कागदांपेक्षा तिच्या कामाच्या पद्धतीत पुरावा शोधावा लागतो.

ती पद्धत एका डावापुरती जवळून पाहू. एकेरी पट हा नवशिक्याला लवकर शिकवला जाणारा डाव. समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली आणायचे, इतके ते सोपे वाटते. नवखा पोरगा पाय दोन्ही हातांनी धरतो आणि ओढायला लागतो. प्रतिस्पर्धी एका पायावर उड्या मारत उभा राहतो आणि डाव फुकट जातो. वस्ताद त्याला थांबवतो आणि ओढणे बंद करायला लावतो. आधी ठेवण: गुडघे वाकलेले, कंबर खाली, नजर समोर. मग पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या मध्ये, डोके त्याच्या बरगडीला चिकटलेले, खांदा मांडीवर, हात गुडघ्यामागे गुंफलेले. शेवटी सगळा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर सरकवायचा आणि त्याच क्षणी उठायचे. जिंकणे-हरणे त्या सरकण्याच्या क्षणावर असते. तो अर्धा श्वास लवकर झाला तर पकड बसलेली नसते, अर्धा श्वास उशिरा झाला तर समोरचा सावरलेला असतो. हा क्षण शब्दांत सांगता येत नाही. वस्ताद शिष्याच्या पाठीवर हात ठेवून तो दाखवतो, स्वतः समोर उभा राहून शंभरदा पट काढू देतो आणि शंभरदा तो मोडतो. म्हणून कुस्तीचे ज्ञान पुस्तकातून पसरत नाही. ते एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जाते. मधली एक पिढी तुटली की पुढच्या पिढीला ते फक्त वर्णनातून मिळते. माझ्या पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हा आहे.

अशा ज्ञानाला सतत कसोटी लागते, आणि मराठवाड्यात ती कसोटी जत्रेने दिली. खरिपाची कामे उरकली, ज्वारी कणसात आली की इथला जत्रांचा हंगाम सुरू होतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे आणि इतर जनावरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या कुस्त्यांच्या दंगलीला नांदेड-लातूरकडचे पैलवान येतात. पुढे महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, चैत्रात हनुमान जयंतीच्या गावोगावच्या जत्रा, मध्ये ठिकठिकाणचे उरूस. प्रत्येक ठिकाणच्या फडाची रीत एकच असते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, आणि सूर्य कलल्यावर शेवटची मोठी कुस्ती. हलगी वाजत असते, पंच पोरांना हाताला धरून फडाभोवती फिरवतात, अंगापिंडाला सारखा कोणी दिसला की जोड लावतात. या रीतीत शिक्षणाची एक पूर्ण व्यवस्था दडलेली आहे. दहा वर्षांच्या पोराला नारळासाठी अनोळखी गावच्या पोराशी, अनोळखी डावाशी सामना करावा लागतो. वस्तादाला आपले शिकवणे इतर तालमींसमोर तपासून पाहता येते. आणि होतकरू मुलगा एका हंगामात गावच्या फडापासून माळेगावच्या फडापर्यंत पोचू शकतो. आजच्या भाषेत ज्याला निवड चाचणी म्हणतात ती इथे पंचांगात बसवलेली होती.

आता निजामी राजवटीचा प्रश्न. हैदराबाद संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सार्वजनिक जीवनावर बंधने वाढत गेली. जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगीची सक्ती करणारी त्रेपन्न क्रमांकाची गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, कुप्रसिद्ध आहे. खाजगी शाळा काढायला परवानगी लागे आणि आखाडा काढायलाही लागे. त्यामागचे कारण समजायला अवघड नाही. रोज पहाटे एकत्र येणारे, शिस्तीत राहणारे तरुणांचे मंडळ कोणत्याही एकतंत्री सत्तेला संशयास्पद वाटते. आर्य समाजाने या भागात व्यायामाला धर्मसुधारणेची आणि पुढे राजकीय जागृतीची जोड दिली, तेव्हा तो संशय आणखी दाट झाला. उदगीरचे वकील भाई श्यामलाल हे या चळवळीतले अग्रणी. १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. आर्य समाजाने निजामी बंधनांविरुद्ध केलेल्या १९३८-३९ च्या सत्याग्रहानंतरही वातावरण निवळले नाही. अशा राज्यात मोठी, नाव असलेली, वसतिगृहासह चालणारी व्यायामसंस्था उभी राहणे जवळपास अशक्य होते. पण देवळाजवळचा जुना हौद आणि वर्षातून एकदा भरणारी जत्रा यांना नवी परवानगी मागायची गरज नव्हती. त्या गोष्टी पूर्वापार चालत आलेल्या होत्या. संस्था म्हणून जे दिसत होते ते दाबले गेले, आणि रूढी म्हणून जे चालत होते ते उरले. मराठवाड्याच्या कुस्तीचे पुढचे सगळे वैशिष्ट्य या एका फरकातून आले आहे.

याच काळात मराठी मुलखाच्या इतर भागांत वरची पायरी बांधली जात होती. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान बांधून घेतले; ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोल्हापूरही संस्थानच होते. म्हणजे ब्रिटिश मुलखात संस्था वाढल्या आणि संस्थानांत दबल्या, असे सरसकट विधान करता येत नाही. राज्यकर्त्याने तालमीकडे कोणत्या नजरेने पाहिले, एवढ्यावर फरक पडला. शाहू महाराजांनी पैलवानांना पोसलेच, पण त्याबरोबर तालमी आणि मैदान यांना पाठबळ दिले. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमी त्यांच्या निधनानंतर आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतरही चालू राहिल्या. राजा गेला, राज्य गेले, तरी शिकवणे थांबले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. हैदराबादला कुस्तीचा आश्रय नव्हता असे कसे म्हणायचे? पेशवाईच्या अखेरच्या काळाबद्दल परंपरेने जी हकीकत सांगतात, तिच्यात निजामाच्या दरबारचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्याला येऊन आव्हान देतात आणि त्यांना तोंड देण्यासाठी बाळंभटदादा देवधर पुढे येतात. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाची कथा तिथूनच सुरू होते. तपशील दंतकथेचा मानला तरी हैदराबादी पैलवानांचा दरारा पुण्यापर्यंत होता, एवढे त्यातून नक्की कळते. हैदराबाद शहरातला बारकस हा अरब वंशाच्या सैनिकांचा भाग तर आजही पैलवानांसाठी ओळखला जातो. शिवाय भोकरहून हैदराबाद हे कोल्हापूरच्या साधारण निम्म्या अंतरावर आहे. आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. दरबाराचा आश्रय तयार पैलवानाला मिळतो. त्याला तनखा मिळतो, खुराक मिळतो, मान मिळतो. बाहेरगावच्या शिकाऊ पोरासाठी त्यातून काही उभे राहत नाही. दरबार संपला की तनखा संपतो. १९४८ नंतर निलंग्याचा, लातूरचा, पाटोद्याचा होतकरू पोरगा जवळच्या राजधानीऐवजी दूरच्या कोल्हापूर-पुण्याकडे गेला, याला भाषा आणि नव्या राज्यरचनेचे कारण आहेच. पण त्याबरोबर हेही कारण आहे की तिकडे त्याला ठेवून घेणारी, जेवणाची सोय लावणारी, वर्षानुवर्षे शिकवणारी तालीम होती. पैलवानाला दिलेला आश्रय आणि तालमीला दिलेला आश्रय यांतला फरक दोन संस्थानांच्या तुलनेत इतका स्वच्छ दिसतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले. मग श्रेय कोल्हापूरचे, मराठवाड्यातल्या गावचे त्यात काय? याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ साली स्थापन झाली. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला झाली आणि १९६९ मध्ये लातूरला. नव्याने जोडल्या गेलेल्या प्रदेशात एका दशकात दोनदा ही स्पर्धा भरते याचा अर्थ तिथे कुस्ती पाहणारे, जाणणारे, तिच्यासाठी वर्गणी काढणारे लोक आधीपासून होते. रिकाम्या जमिनीवर फड भरत नाही. आणि कोल्हापूरची तालीमही काही कोऱ्या मुलाला घेऊन केसरी करत नाही. तिथे पोचणारा मुलगा आधीच मातीत रुळलेला, चार फडांत पडलेला आणि पाडलेला असावा लागतो. मोठ्या तालमीने त्याला धार लावली. तो मुळात कुस्तीकडे वळावा, पहिली काही वर्षे टिकावा, हे काम गावाच्या आणि जत्रेच्या वातावरणाने केले. दोन पायऱ्यांपैकी कुठलीही एक काढून टाकली तर १९६९ चे यश समजत नाही.

पुढचा इतिहास हेच सांगतो. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली लातूर तालुक्यातल्या साई गावचे काका पवार तयार झाले. १९९८ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे काका पवारांनी पुण्यात कात्रजला स्वतःचे कुस्ती संकुल उभे केले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे आणि नंतर पवारांकडे शिकला; त्याने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. निलंगा, लातूर, पाटोदा: तीन पिढ्या, तिघेही मराठवाड्याचे, प्रत्येकाचा हात आधीच्याच्या हातात. पदकांच्या यादीत ही नावे सुटी सुटी दिसतात. शिकवणाऱ्यांच्या क्रमाने लावली की ती एक साखळी होते. कुस्तीचा इतिहास लिहायचा तर तो असाच लिहिला पाहिजे. पण ही साखळी पुण्यात जोडली गेली, लातूर-नांदेडात नाही, हेही त्याच वेळी मान्य केले पाहिजे. वरची पायरी आपल्याकडे आजही अपुरी आहे.

खालची पायरी राजवटींच्या पलीकडे कशी टिकते, याचा एक समांतर पुरावा नांदेड जिल्ह्यातच सापडतो. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये नांदेडला महानिर्वाण झाले आणि तिथला गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी एकोणिसाव्या शतकात बांधवला. तेव्हापासून दख्खनी शीख समाजाने गतका, म्हणजे काठी-तलवारीचे शस्त्रकौशल्य, इथे जपले आहे, आणि दसरा व होळीच्या हल्ला मिरवणुकीत ते शहराला दिसते. मराठवाड्याच्या गावांत मोहरमच्या मिरवणुकीतही काठी आणि पट्टा फिरवणारे आखाडे निघत आले आहेत. तीन समाज, तीन कौशल्ये, पण टिकण्याची रीत एकच: एकत्र सराव करणारे मंडळ, शिकवणारा वडीलधारा आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर कसब दाखवायचा सण. राजवट कोणाचीही असो, ज्या कौशल्याला या तीन गोष्टी होत्या ते टिकले. याचा अर्थ कुस्ती टिकण्याचे कारण केवळ हिंदू जत्रेच्या धार्मिक आस्थेत शोधणे चुकीचे ठरेल. आस्थेने दिवस दिला, गर्दी दिली; कौशल्य पुढे नेले ते मंडळाने.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्या तालमीचे मी गुण सांगतो आहे ती सगळ्यांसाठी खुली होती का? नव्हती. गावातल्या जातीच्या रेषा देवळापाशी जशा होत्या तशा देवळालगतच्या हौदापाशीही होत्या. कुठे पुसट, कुठे ठळक. मुलींना तर तिथे पाऊलच ठेवता येत नव्हते. निम्मे गाव ज्या संस्थेबाहेर होते तिला गावाची संस्था म्हणताना हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही यावरून तालीम टाकून द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. फडाचा नियम तालमीच्या रूढीपेक्षा मोकळा होता: पाठ मातीला लागली की निकाल लागला, तिथे जात विचारून चितपट ठरत नाही. आणि बंद दार उघडता येते हे आता दिसलेही आहे. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मराठवाड्यातल्या मुलींना आज अडवणारी गोष्ट नियम नाही; जवळ शिकवणारे कोणी नाही, ही आहे. म्हणजे उपाय पुन्हा तोच: गावाजवळ तालीम हवी, आणि ती सगळ्यांची हवी.

चौथा आक्षेप सगळ्यांत आधुनिक. जग गादीवर, म्हणजे मॅटवर कुस्ती खेळते. गुणांवर निकाल लागतो, फेऱ्यांचे घड्याळ चालते. मातीतली तालीम मग कालबाह्यच नाही का? इथे जरा दूरच्या एका खेळाकडे पाहणे उपयोगी ठरेल. नॉर्वेत स्कीइंगची मंडळे १८६१ पासून आहेत. त्रिसिल गावचे मंडळ त्यांतल्या अगदी जुन्यांपैकी. बर्फाच्या लांब पल्ल्यावर समांतर खाचांतून पाय सरळ पुढे सरकवत जायचे, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. १९७० च्या दशकात फिनलंडचा पाउली सीतोनेन आणि मग अमेरिकेचा बिल कोच यांनी एक पाय तिरका बाहेर ढकलून वेग घ्यायला सुरुवात केली. कोचने १९८२ मध्ये विश्वचषक जिंकला आणि पुढे दोन्ही पाय आळीपाळीने तिरके टाकण्याची स्केटिंगची चाल सगळीकडे पसरली. त्या चालीचे मर्मही भार एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण टाकण्यात आहे, आणि नवशिक्याची चूकही तीच: दोन्ही पायांवर अर्धा अर्धा भार ठेवणे. जुनी चाल मरेल म्हणून नवीवर बंदी घालावी, अशी मागणी झाली. शेवटी आंतरराष्ट्रीय संघटनेने दोन्ही चालींच्या स्पर्धा वेगळ्या केल्या, आणि १९८७ च्या ओबर्स्टडॉर्फच्या जागतिक स्पर्धेत त्या तशा झाल्या. मंडळांनी दोन्ही शिकवायला घेतल्या. एक चाल येणाऱ्याला दुसरी लवकर येते, कारण तोल तोच असतो. महाराष्ट्र केसरीनेही हीच वाट घेतली आहे: माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा आणि दोन्हींतले विजेते शेवटी समोरासमोर. पट मातीत शिकलेल्याला गादीवर नव्याने भार पेलायला शिकावे लागत नाही. त्याला वेग, गुणांचा हिशेब आणि वेळेचे भान शिकावे लागते. ते शिकवणारा वस्ताद मिळाला तर माती आणि गादी एकाच छपराखाली सुखाने नांदतील.

खरा धोका त्यामुळे गादीकडून नाही, शिकवणारे हात कमी होण्याकडून आहे. त्याची कारणे मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासात उघड आहेत. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. आणि दुष्काळात पहिली गाय-म्हैस विकली जाते. १९७२ चा दुष्काळ, सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले इतकी टंचाई: या प्रत्येक तडाख्यात घरखर्चातून पैलवानाचा वाटा आधी गळला असणार, हे कोणत्याही शेतकरी घराला सांगावे लागत नाही. तरुण कामासाठी पुण्याला गेले, त्यांच्याबरोबर उद्याचे वस्तादही गेले. सरकारने व्यायामशाळांसाठी अनुदाने दिली, त्यातून इमारती झाल्या, लोखंडी यंत्रे आली. त्या यंत्रांनी दंड फुगतात. पट काढायला ती शिकवत नाहीत. आणि जत्रांच्या फडात शेवटच्या कुस्तीचे इनाम वाढत जाते, त्यासाठी दूरवरून नामांकित मल्ल येतात, तर नारळाच्या कुस्तीला गावातून पोरे उतरत नाहीत. हे दरबारी आश्रयाचेच नवे रूप आहे: तयार पैलवानाला पैसा आणि शिकाऊ पोराला टाळ्या. हैदराबादच्या दरबाराचे पुढे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

यावर कोणी म्हणेल की काळाबरोबर खेळ बदलतात, कुस्ती गेली तर दुसरे काही येईल. येईलही. मराठवाड्यानेच खो-खोत ते दाखवले आहे. उस्मानाबादच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तो मैदानावर वर्षानुवर्षे चाललेल्या शिकवण्यामुळेच. पण नवा खेळही याच रीतीने रुजतो: जवळचे मंडळ, रोजचा सराव, शिकवणारा माणूस, कसोटीचा दिवस. ही रचना मोडली तर कुस्ती जाईलच, आणि तिच्या जागी जे येईल त्यालाही मूळ धरता येणार नाही. म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती आणि यात्रा समित्या कुस्तीवर जो पैसा खर्च करतात, त्यातला ठरलेला वाटा वस्तादाच्या मानधनासाठी ठेवावा. जुन्या पैलवानांना गादीच्या नियमांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याच तालुक्यात नेमावे. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवणारी स्त्री यांची सोय असल्याशिवाय कोणत्याही तालमीला अनुदान देऊ नये. माळेगावच्या दंगलीत नारळाच्या आणि लहान वजनाच्या कुस्त्यांना शेवटच्या कुस्तीइतकाच मान द्यावा, आणि पुकारा करताना पोराच्या नावाबरोबर त्याच्या वस्तादाचे व गावाचे नाव घ्यावे. बंधनांच्या काळात, कोणाचेही पाठबळ नसताना, या मुलखातल्या साध्या माणसांनी हे शिकवणे पुढच्या पिढीच्या हाती दिले. आज बंधन नाही, पैसाही अगदीच नाही असे नाही. भोकरच्या पोराला पहिला पट भोकरमध्येच शिकता आला पाहिजे. पुणे-कोल्हापूर त्याने त्यानंतर गाठावे.